सेकंडहँड पौर्णिमा

सेकंडहँड गाडी घेतली तर ऑफिसात लोक पेढे मागतात. सेकंडहँड फ्लॅट घेतला तर 'लोकेशन मस्त आहे' म्हणतात. पण सेकंडहँड घड्याळ घेतलं असं सांगून बघा! पहिला प्रश्न येतो, 'कोणाचं होतं?' आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, 'माणूस आहे ना अजून?'

आपल्याकडे घड्याळ म्हणजे लग्नात सासऱ्यांनी द्यायची, रिटायरमेंटला ऑफिसने द्यायची, नाहीतर दहावीत बरे मार्क पडले म्हणून मामाने द्यायची वस्तू. ती स्वतःच्या पैशाने घ्यायची, तीही कुणीतरी वापरलेली, आणि वर तिच्यासाठी दोन-अडीच महिन्यांचा पगार मोजायचा, हे गणित नागपुरात कुणाच्याच डोक्यात बसत नाही. बाजाराने त्यावर एक गोंडस शब्द शोधून काढलाय, 'प्री-ओन्ड'. डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द रोलेक्सने आपली जुनी घड्याळं तपासून, सर्टिफिकेटसकट डीलर्समार्फत विकायला सुरुवात केली. आपल्याकडे एथॉसने या धंद्याला 'सेकंड मूव्हमेंट' असं झकास नाव दिलं. शब्द कुठलाही वापरा, आई विचारणार तेच. कोणाचं होतं?

आणि खरं सांगू का, प्रश्न अगदी बरोबर आहे. हा छंद करणारे बहुतेक जण आधी ब्रँड बघतात, मग डायल, मग किंमत. 'कोणाचं होतं आणि त्याने ते कुणाच्या हातात दिलं' हे शेवटी. क्रम नेमका उलटा हवा.

त्याआधी 'कॉम्प्लिकेशन'चा फंडा क्लीअर करू. धंतोली-रामदासपेठेच्या हॉस्पिटलांच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला या शब्दाचा एकच अर्थ माहीत असतो, ऑपरेशननंतर जे व्हायला नको ते. माझ्या घड्याळाची बातमी आईने मावशीला फोनवर अशी दिली होती, 'एवढे पैसे घातले त्याने, अन् आता म्हणतो त्यात कॉम्प्लिकेशन आहे!'

तर घड्याळाच्या भाषेत तास, मिनिट, सेकंद सोडून जे काही ते दाखवतं किंवा करतं, ते कॉम्प्लिकेशन. तारीख हे सगळ्यात साधं. मग वार, महिना, दुसऱ्या देशाची वेळ, गजर, स्टॉपवॉच म्हणजे क्रोनोग्राफ, चंद्राच्या कला, आणि अगदी वरच्या टोकाला बटण दाबलं की घंटी वाजवून तास-मिनिटं सांगणारं मिनिट रिपीटर. हे सगळं एका गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या जोरावर, चाकं आणि तरफांनी. बॅटरी नाही, चिप नाही. जेवढी कामं जास्त तेवढे पार्ट जास्त, आणि जेवढे पार्ट जास्त तेवढे बिघडण्याचे रस्ते जास्त. आईचा अर्थही तसा फार चुकीचा नव्हता.

ही श्रीमंतांची परदेशी नाटकं आहेत असं वाटत असेल तर घरातली जुनी पेटी उघडा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात एचएमटीची घड्याळं सुरू झाली, ती २०१६ मध्ये कंपनीला टाळं लागेपर्यंत. त्यातल्या ऑटोमॅटिकमध्ये तारखेशेजारी हिंदीत वार यायचा. झालं की कॉम्प्लिकेशन! काकालोकांच्या हातातली फेवर-ल्यूबा आठवते? आपल्याकडे साधी चावीची 'सी चीफ' खपली, पण त्याच कंपनीने १९६२ मध्ये गिर्यारोहकांसाठी 'बिवॉक' काढलं होतं. त्यात हवेचा दाब आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटा होता, मनगटी घड्याळातला जगातला पहिला.

आणि आपल्या विदर्भाशी नातं असलेलं सगळ्यात प्रसिद्ध कॉम्प्लिकेशन तर खिशातलं आहे. नागपूरपासून ७५ किलोमीटरवर सेवाग्रामच्या कुटीत राहणाऱ्या गांधीजींकडे झेनिथचं चांदीचं खिशातलं घड्याळ होतं, गजरवालं. इंदिरा गांधींनी दिलेलं. १९४७ मध्ये रेल्वे प्रवासात ते चोरीला गेलं आणि काही महिन्यांनी चोराने स्वतः येऊन, माफी मागून परत केलं. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते चष्मा, चपला, वाटी आणि ताटलीबरोबर विकलं गेलं. बोली विजय मल्ल्यांनी जिंकली, १८ लाख डॉलरला. सगळ्यात साध्या माणसाचं घड्याळ सगळ्यात झगमगीत माणसाने घ्यावं, यावर मी काय बोलणार! पण एवढं मात्र खरं, की ती किंमत झेनिथची नव्हती. 'कोणाचं होतं' या प्रश्नाच्या उत्तराची होती.

माझ्या घड्याळाचं उत्तर बरंच साधं आहे. लाँजिन्सचं 'मास्टर कलेक्शन', आत व्हॅल्जू ७७५१ जातीचं मशीन. क्रोनोग्राफ, वार, महिना, काट्याने दाखवलेली तारीख, २४ तासांचा छोटा काटा आणि सहाच्या जागी चंद्र. विकणारे पुण्याचे एक इंजिनिअर, पहिले मालक. प्रमोशनला घेतलेलं. विकायचं कारण विचारलं तर म्हणाले, 'डॉक्टरांनी मनगटावर स्मार्टवॉच कायम ठेवायला सांगितलंय, हार्टबीटसाठी. दोन हातात दोन घड्याळं काही बरी दिसत नाहीत हो.' मूळ बिल, बॉक्स आणि मधल्या एका सर्व्हिसिंगची पावती त्यांनी एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावून ठेवली होती, प्रॉपर्टीची कागदपत्रं ठेवतात तशी. नव्याच्या जवळपास निम्म्या किमतीत सौदा झाला. १ लाख ४० हजार. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवत होतो त्यातला एक लचका, हे आईला माहीत होतं आणि तिने ते दोन महिने बोलून दाखवलं.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी नागपूरला पोचलो. आईने घड्याळ हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, 'हा चंद्र पूर्ण का दाखवतो? आज तर अमावस्या आहे.'

घड्याळ बरेच दिवस बंद होतं, कुणी लावलंच नव्हतं. पण तिला ते पटेना. दीड लाखाच्या घड्याळात अमावस्येला पौर्णिमा? तिने भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं, टेबलावर ठेवलं, आणि पुढच्या अर्ध्या तासात माझ्याकडून चंद्र एकेक दिवस पुढे सरकवून घेतला. तेव्हापासून चंद्राचं खातं तिच्याकडे आहे. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता ते कालनिर्णय सांगतं, चंद्र आज किती दिसला पाहिजे ते माझं घड्याळ, आणि दोघांपैकी खरं कोण ते ठरवायला ती गच्चीवर जाते.

या चंद्रामागचं यंत्र ऐकण्यासारखं आहे. डायलखाली एक गोल तबकडी असते. तिच्यावर एक नाही, दोन चंद्र रंगवलेले असतात, समोरासमोर. बहुतेक घड्याळांत या तबकडीला ५९ दात असतात आणि दिवसाला एक दात पुढे सरकतो. म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. पण खरा चंद्र पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस घेतो. रोजचा फरक नगण्य, पण साठत जातो, आणि साधारण दोन वर्षं साडेसात महिन्यांनी घड्याळ एक पूर्ण दिवस पुढे गेलेलं असतं.

दोन वर्षं साडेसात महिने. हा आकडा मी आईला सांगितला तर ती लगेच म्हणाली, 'म्हणजे अधिक मासाएवढंच की!' मी हिशेब केला. अधिक मास सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो, घड्याळाची चूक साडेएकतीस महिन्यांनी. दोन्ही हिशेब वेगळे आहेत, एक चंद्र आणि सूर्याची सांगड घालतो, दुसरा नुसता दाते मोजतो. योगायोगच. पण काय योगायोग आहे! २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा आईने मला फर्मान सोडलं, 'तुझाही चंद्र एक दिवस मागे घे.' (आता हे सगळं घड्याळ तेवढा काळ अखंड चालू ठेवलं तर. माझं शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारपर्यंत बंद पडतं, आणि सगळा संसार पुन्हा मांडावा लागतो.) १३५ दातांची महागडी चाकं असतात, त्यांची चूक एक दिवसाची व्हायला १२२ वर्षं लागतात. तेवढी अचूकता घेऊन मी काय करू? नातवाने सांगायला हवं ना की आजोबांचा चंद्र चुकला!

कॅलेंडरची गंमत वेगळीच. माझ्या घड्याळाला प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच वाटतो. त्यामुळे वर्षातून पाच वेळा, कमी दिवसांच्या महिन्यानंतर, तारीख हाताने पुढे न्यावी लागते. १ मेच्या सकाळी तर न चुकता. माझ्या मनगटावर महाराष्ट्र दिन दरवर्षी ३१ तारखेला उगवतो. वर्षातून एकदाच, फेब्रुवारीनंतर, हात लावावा लागेल असं 'ॲन्युअल कॅलेंडर' पटेक फिलिपने १९९६ मध्ये मनगटावर आणलं. त्याच्याही वर 'परपेच्युअल', ज्याला लीप वर्षसुद्धा कळतं. ते २१०० सालापर्यंत बरोबर चालेल, कारण २१०० ला चारने भाग जात असूनही ते लीप वर्ष नाही आणि घड्याळातल्या चाकाला हे ठाऊक नाही. ती घड्याळं आपल्या बजेटच्या बाहेर आहेत, आणि मला त्यांचा फारसा मोहही नाही. वर्षातून पाच वेळा घड्याळाकडे नीट बघावं लागतं, तेवढं पुरे आहे.

मिहानमधल्या मित्रांना मात्र 'जीएमटी' घड्याळाची क्रेझ. यूकेचा क्लायंट, रोजचे कॉल, त्यामुळे दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा जादा काटा हवाच. १९५०च्या दशकात रोलेक्सने पॅन ॲमच्या वैमानिकांसाठी ते काढलं. पण बॉस, यात एक मेख आहे. तो काटा तास बदलतो, मिनिटं नाही. आणि आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे! त्या 'साडे'ने भल्याभल्या घड्याळांची गोची केली आहे. त्यावर उपाय फुकट आहे. कुठलंही काट्यांचं घड्याळ हातातून काढा आणि उलटं धरा. आपल्याकडे दुपारचे दोन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेआठ दिसतील, आणि ग्रीनिचला तेव्हा सकाळचे साडेआठच असतात. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं एक तास पुढे नेतात, तेव्हा एक तास मिळवा. लाखो रुपये वाचले!

आता घ्यायचंच असेल तर. बाहेरून मागवण्याच्या भानगडीत पडू नका, कस्टम ड्युटी आणि जीएसटी जोडला की स्वस्ताई संपते. देशातलाच विक्रेता बघा, शक्यतो स्वतः वापरणारा माणूस. फोटोवर विश्वास नको, व्हिडिओ मागा. त्यात त्याने काटे फिरवून रात्रीचे बारा ओलांडायचे आणि तारीख, वार बदलताना दाखवायचे. क्रोनोग्राफ सुरू करायचा, थांबवायचा, शून्यावर आणायचा. काटा बरोबर शून्यावर बसला नाही, केसभर इकडे-तिकडे राहिला, तर तिथेच खर्च वाढला म्हणून समजा. मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. टाइमग्राफरचं रीडिंग मागा. हे छोटं यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकून सांगतं की आतलं बॅलन्स चाक किती अंश झोके घेतंय. पूर्ण चावी दिल्यावर २७० ते ३१० असेल तर तब्येत ठणठणीत. दोनशेच्या आसपास असेल तर घड्याळ चालतं, पण धापा टाकत.

सगळ्यात जास्त भीती बाळगा ती नव्यासारख्या चकचकीत जुन्याची. पन्नास वर्षांच्या घड्याळाची डायल कोरीकरकरीत असेल तर ती बहुधा काल रंगवलेली असते. जुन्या एचएमटी आणि स्विस घड्याळांना भडक निळ्या-केशरी डायली रंगवून, वाटेल ते काटे बसवून परदेशी गिऱ्हाइकांना इतकी विकली गेली, की तिकडच्या संग्राहकांनी त्यांना 'मुंबई स्पेशल' असं नावच पाडलं. मुंबईकरांनी यावर गर्व करायचा की लाज बाळगायची, त्यांचं त्यांनी बघावं. अक्षरांच्या कडा भिंगाखाली बघा, सेकंदकाटा कडेच्या रेघांपर्यंत पोचतो का बघा. तसंच पॉलिश. केसच्या धारदार कडा घासून गोल झाल्या असतील तर ते धातू पुन्हा कुठून आणणार? ओरखडा असू द्या की. तो कुणीतरी जगल्याचा आहे.

घरी आल्यावर दुसरा शत्रू म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात पार्क केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवलंत तर आतलं तेल पातळ होऊन नको तिथे जाईल. चामड्याचा पट्टा घामाने एका सीझनमध्ये कुजतो, तेव्हा एप्रिल ते जून कापडी किंवा रबरी लावा. आणि कूलरच्या खोलीत तर घड्याळांचा डबा ठेवूच नका. वाळ्याच्या ताटीचा वास आपल्याला कितीही प्रिय असो, ती ओल जुन्या डायलवर बुरशी आणते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका. मोबाईलच्या कव्हरमधलं चुंबक किंवा स्पीकर बहुतेक वेळा दोषी असतो. डीमॅग्नेटायझर स्वस्तात मिळतो.

पण हे सगळं येतं तेव्हाही एक गोष्ट उरतेच, आणि ती पैशाने मिळत नाही.

गेल्या वर्षी माझा क्रोनोग्राफ अडायला लागला. सुरू केला की अर्ध्या मिनिटात अख्खं घड्याळच थांबायचं. बर्डीवर एका जिन्याखाली घड्याळ दुरुस्त करणारे काका बसतात. चाळीस वर्षं तीच खुर्ची, तेच भिंग. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि कितीतरी वेळ नुसतं बघत राहिले. मग झाकण होतं तसं बंद केलं.

'चीज आहे भाऊ,' म्हणाले. 'उघडाले काही नाही, आत्ता उघडतो. पण यातला एक पार्ट जरी उडाला ना, तर तो अख्ख्या नागपुरात भेटत नाही. मी हात लावत नाही.'

'काका, किती द्यायचे?'

'बघण्याचे काऊन घेऊ?'

त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा बसतो. तो बॅटरी बदलतो, पट्टे लावतो, मोबाईलचे कव्हर विकतो. त्याला दोष देता येत नाही. चावीचं घड्याळ घेऊन दिवसाला कितीसे लोक येणार?

हाच माणूस दुसऱ्या शहरात, काचेच्या केबिनमध्ये भेटला असता तर काय झालं असतं, हे मला नंतर कळलं. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने घड्याळ बघण्याआधीच डायल आणि काटे बदलून केसला पॉलिश करायचा कोटेशन दिला. मी म्हटलं, अहो, दुखणं पोटात आहे, तुम्ही चेहरा का बदलताय? शेवटी मुंबईच्या एका स्वतंत्र कारागिराकडे पाठवलं. सात आठवडे. २२ हजार रुपये. क्रोनोग्राफच्या एका तरफेची झीज आणि सुकलेलं तेल, एवढंच निघालं. त्या सात आठवड्यांत एक पौर्णिमा सुटली, त्याची नोंद आईने ठेवली होती.

तेव्हापासून माझं घड्याळं शोधणं बदललं आहे. आधी मी कॅटलॉग बघून ठरवायचो, आता काकांना विचारून ठरवतो. सध्या डोक्यात गजरवालं घड्याळ आहे, व्हल्केनचं 'क्रिकेट'. आपला खेळ नव्हे, रातकिडा. १९४७ मध्ये आलं, अमेरिकेच्या कित्येक राष्ट्राध्यक्षांनी वापरलं. गजरासाठी वेगळी स्प्रिंग आणि आवाज घुमवणारं दुहेरी झाकण. वीसेक सेकंद असं किरकिरतं की मीटिंगमधले सगळे टेबलाखाली बघायला लागतील. एक बंगळुरात दिसलंय, डायल न रंगवलेली, कडा शाबूत.

फोटो दाखवले तर काकांचा चेहराच बदलला. 'गजर? गजराच्या घड्याळात तं माझी जिंदगी गेली! पहिले सारे टेबलावरचे होते, हे लहान आहे एवढंच. आण. हे मले येते.' मग भिंग काढून डोळा चोळला. 'पण लवकर आण भाऊ. दिवाळीनंतर मोतीबिंदू काढाचा आहे, मंग पोरगं बसू देते का नाही काय माहीत.'

बंगळुरूच्या माणसाला मी मागचं झाकण उघडून फोटो मागितला आहे. आणि हो, ते कोणाचं होतं तेही विचारलंय. उत्तर आलेलं नाही अजून.